धुऊन सोडलेली कासवं जगतात का?

वर कुणीतरी म्हटलंय की तेलात माखलेली कासवं धुऊन सोडली तरी मरतातच. मला हे अजिबात पटत नाही. जुलै २०१० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एनब्रिज या कंपनीची तेलाची पाइपलाइन फुटली आणि तेल कॅलामझू नदीत गेलं. आतलं तेल डांबराच्या जातीचं, इतकं चिकट की मानेच्या, पायांच्या घड्यांतून हातानेच काढावं लागतं. पण उपचार करून, काहींना हिवाळाभर सांभाळून सोडलेली मॅप कासवं (नदीत राहणारी एक जात) पहिल्या वर्षभरात उपचाराविना तशीच सोडलेल्यांपेक्षा जास्त जगली. आठ-दहा वर्षांनी मात्र हा फरक उरला नव्हता. तरी उपचारांचा खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही. या कासवाची मादी वयात यायलाच दहाएक वर्षं लागतात, तेव्हा अंडी घालणारी एकेक मादी वाचवायलाच हवी.