ओआहाका: सांतो दोमिंगोच्या मठातलं म्युझियम आईसोबत कसं बघावं?

चिंचपान: नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात मेक्सिकोला जाते आहे. ओआहाका शहराला दोनच दिवस, शुक्रवार-शनिवार. सांतो दोमिंगोच्या जुन्या मठातलं संस्कृती-संग्रहालय नक्की करायचंय. सोबत आई. जन्म पैठणीच्या मागावर गेलेला, गुडघे कुरकुरतात, आणि म्युझियम म्हणजे 'फुटकी मडकी' हे तिचं ठाम मत. मोन्ते आल्बानची टेकडी (प्राचीन शहराचे अवशेष आहेत ती) आधी करू की म्युझियम?

आडवाटा: म्युझियम आधी, डोळे झाकून. मोन्ते आल्बानच्या सात नंबरच्या थडग्यात पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासोंना १९३२ साली जे घबाड सापडलं, ते इथे आहे: सोन्याचे दागिने, मोती, जेड, पिरोजे जडवलेली माणसाची कवटी. थडगं सापोतेकांचं, पण पुढे कितीतरी काळाने मिश्तेकांनी (दोन्ही इथलेच मूळचे समाज) ते उघडून त्यात आपली माणसं ठेवली. सगळे सोन्यापाशी गर्दी करतात. तुम्ही शेजारी ठेवलेली कोरलेली हाडं बघा. बोटाएवढ्या पट्टीवर देव, माणसं, प्राणी ओळीने बसवलेत. आईंची नजर बारीक कामाची आहे, त्या तिथून हलायच्या नाहीत.

सोमवारी बंद असतं. मी सोमवारीच जाऊन दाराला हात लावून आलो होतो, म्हणून सांगतो.

रंगारीण: क्रमाबाबत असहमत. टेकडीवर सावली फारशी नाही, ती सकाळीच उरकावी. दुपारी मठाच्या जाड दगडी भिंतींच्या आत गारवा असतो. दालनं वरच्या मजल्यावर, चौकाभोवती आहेत. जिना रुंद आहे, थांबत थांबत चढा. पाट्या बहुतेक स्पॅनिशमध्ये आहेत, तेव्हा फोनवर भाषांतराची सोय करून ठेवा.

आणि इमारतीकडे नुसतं 'सुंदर आहे' म्हणून बघू नका. इथल्या लोकांना त्यांचे देव सोडायला लावणाऱ्या डॉमिनिकन पाद्र्यांचा हा मठ. एकोणिसाव्या शतकात सरकारने चर्चच्या मालमत्ता ताब्यात घेतल्यावर इथे लष्कराची छावणी बसली, ती थेट १९९०च्या दशकापर्यंत. नंतर मोकळ्या जागेवर हॉटेल वगैरे करायच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो आणि त्यांचे सहकारी आडवे आले. (याच तोलेदोंनी २००२ साली गावच्या चौकात मॅकडोनाल्ड्स येऊ नये म्हणून लोकांना मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाल वाटले होते. निषेध असा पोटभर हवा!) १९९८ साली संग्रहालय उघडलं. देव सोडायला लावणाऱ्यांच्या खोल्यांत आज तेच देव काचेत बसलेत. मला ही जागा आवडते ती त्यासाठी, सोन्यासाठी नाही.

मागच्या वनस्पती बागेत गाईडसोबतच सोडतात, वेळ आधी विचारा. तिथल्या निवडुंगावर पांढरी बुरशी दिसली तर नाक मुरडू नका. ती कोचिनीलची कीड. तिच्यापासून लाल रंग करतात. वसाहतीच्या काळात इथून युरोपात जाणाऱ्या मालात चांदीखालोखाल किंमत हिची होती.

चिंचपान: रंगारीणताई, किड्यापासून रंग म्हटल्यावर आईने चष्मा लावून सगळा धागा वाचला. आता विचारते आहे, "माग बघायला मिळेल का?"

रंगारीण: मग कापडांचं वेगळं संग्रहालय आहे, २००८ पासून एका जुन्या वाड्यात. मठापासून चालत जाता येतं. तिथली प्रदर्शनं बदलत असतात. पण चालू माग बघायचे तर गावात जा. तेओतित्लान देल व्हायेमध्ये लोकरीचे गालिचे विणतात. तो पायमाग स्पॅनिश लोकांनी आणलेला. इथला मूळचा माग कमरेला बांधायचा: एक टोक झाडाला नाहीतर खांबाला, दुसरं विणणारीच्या कमरेला. त्यासाठी सांतो तोमास हालिएसा. तेओतित्लानला कोणी तळहातावर कोचिनील चुरून वर लिंबू पिळून दाखवलं तर आईंचा हात पुढे करा. गडद लाल बघता बघता केशरी होतो.

आडवाटा: हालिएसा ओकोत्लानच्या रस्त्यावर आहे आणि ओकोत्लानचा बाजार शुक्रवारी भरतो. शुक्रवार त्या बाजूला, शनिवारी सकाळी टेकडी, दुपारी मठ. टेकडीबद्दल रंगारीणचं ऐका. कवटीबद्दल माझं.

चिंचपान: ठरलं. शनिवारी दुपारचं बाकी काही ठेवत नाही. आईने पिशवीत भिंग टाकलंय.