नर्सरीआधी मुलाला नेमकं काय यायला हवं?

मुलुंडची आई: परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'नर्सरीच्या आधी शंभरपर्यंत अंक आणि एबीसीडी आलीच पाहिजे, नाहीतर मूल मागे पडतं.' तेव्हापासून डोकं तापलंय. माझी लेक साडेतीन वर्षांची, शंभरपर्यंत घडाघडा म्हणायची. पहिल्या दिवशी डबा भरलेलाच परत आला. झाकण घट्ट, बाईंना सांगायची भीती. दुसऱ्या दिवशी चड्डी ओली. मग आठ दिवस आम्ही घरी फरशीवर बसून एवढंच केलं: डबा उघडायचा, दप्तराची चेन ओढायची, 'बाई, शू लागली' मोठ्याने म्हणायचं. याला तयारी म्हणतात.

पिंपरीचे बाबा: ते मीच लिहिलंय. माझ्या मुलाला प्रवेशाच्या वेळी समोर बसवून रंग, आकार, अंक विचारले. तो गप्प राहिला, यादीत नाव नाही. डबा उघडतोस का, असं कुणी विचारलं नाही.

नाशिककर: 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 वाचा. प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेताच येत नाही. तुम्ही गप्प बसता म्हणून त्यांचं फावतं.

पिंपरीचे बाबा: तो कायदा 6 ते 14 वयाचा, नर्सरीत कोण विचारतो? आणि तक्रार करून त्याच शाळेत मूल पाठवू? उपदेश सोपा असतो.

अंगणवाडीताई, पालघर: बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945मध्ये आमच्याच भागात, बोर्डीला काम सुरू केलं. मुलं येईनात, तर बालवाडीच पाड्यावर नेली. आधी आंघोळ, नखं, गाणी, मग अक्षरं. माझ्याकडे पहिले पंधरा दिवस रडण्यातच जातात. आईने दारातून पळून जाऊ नये, सांगून जावं. एवढं केलं तरी पुरे.

ठाण्याचा बाप: रडणार नाही तर काय? सहा चाळीसची बस! पोर झोपेतच चढतं. 2024मध्ये सरकारने चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी नको म्हटलं, ते कुठे गेलं?

कळव्याची आई: नऊला शाळा, तर मी आठची लोकल कशी पकडू? घरी सासूबाई नाहीत. ज्यांच्या घरी माणसं आहेत त्यांनीच असले आग्रह धरावेत.

ठाण्याचा बाप: म्हणजे तुमच्या लोकलसाठी पोरांची झोप मोडायची?

कळव्याची आई: जीभ सांभाळा. माझं पोर साडेआठला झोपतं, मी टीव्ही बंद ठेवते म्हणून. शाळेच्या महिनाभर आधीपासून दर काही दिवसांनी पंधरा मिनिटं लवकर, असं करत आणलंय. तुमच्याकडे किती वाजता दिवा मालवतात?

ठाण्याचा बाप: साडेदहा. बरं, त्यात चूक माझी. पण बस सहा चाळीसचीच आहे.

पिंपरीचे बाबा: अंक मी सोडणार नाही. पण आत्ता मुलाच्या हातात डबा दिला, त्यालाही झाकण निघालं नाही. मुलुंडच्या ताई, कुठला डबा घेतलात?

मुलुंडची आई: साधा स्टीलचा, सैल झाकणाचा. क्लिपवाला नको. आणि भाजी कोरडीच द्या.