मदत हवी आहे: सिम्युलेटरमध्ये एअरबस ए320 उतरवताना धावपट्टीवर आपटते

मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ए320 चालवतो आणि मुंबईच्या 27 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरण्याचा सराव करतो. 1000 फुटांवर ऑटोपायलट बंद करतो, तेव्हा वेग साधारण 135 नॉट, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) पूर्ण उघडलेले आणि खाली येण्याचा दर मिनिटाला सुमारे 700 फूट असतो. इथवर विमान अगदी स्थिर असते. मात्र चाके टेकताना हा दर 450 ते 500 फुटांच्या आसपासच राहतो, आणि काठी (जॉयस्टिक) थोडी जास्त ओढली की विमान तरंगत पुढे जाऊन मग आपटते.

वारा शून्य ठेवून, वजन मर्यादेत ठेवून आणि काठीची संवेदनशीलता कमी करून पाहिले, पण फरक पडला नाही. चित्र अडखळत नाही. माझ्याकडे साधी जॉयस्टिक आहे, पायाचे पेडल नाहीत आणि सध्या नवीन उपकरण घेणे शक्य नाही.

ए320 चा संगणक 50 फुटांवर नाकाचा कोन लक्षात ठेवतो आणि 30 फुटांपासून नाक हळूहळू खाली नेऊ लागतो, हे मी वाचले आहे. माझा गोंधळ नेमका याच टप्प्यात होतो. तरी जाणकारांनी कृपया सांगावे, की 30 फुटांवर नाक किती अंश उचलावे, थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) त्याआधी मागे घ्यावे की विमानाची ‘रिटार्ड’ (म्हणजे थ्रॉटल मागे घ्या) ही सूचना ऐकल्यावर, आणि या विमानासाठी जॉयस्टिकचा प्रतिसाद सरळ रेषेतच (काठी जितकी हलवली तितकाच परिणाम) ठेवणे योग्य आहे का?