हिवाळ्यात फ्लाय फिशिंग: हातमोजे कोणते घ्यावेत?

मंडळी, नमस्कार.

थंडीतही फ्लाय फिशिंगला, म्हणजे पिसांच्या नकली माशीच्या गळाने (फ्लायने) मासे धरायला जाणारं आपल्यात कुणी आहे का? उन्हाळाभर मजा आली, पण आता पारा शून्याच्या आसपास रेंगाळतोय आणि बोटं इतकी बधिर होतात की टिपेटला (लाइनच्या टोकाच्या बारीक दोऱ्याला) गाठ मारणं सोडाच, लाइन बोटांत आहे की निसटली तेही कळत नाही. स्कीइंगचे हातमोजे ऊबदार आहेत, पण ते घालून रील चालवणं म्हणजे दिव्यच. एकच चांगली जोडी घ्यायची तर कोणती?

रि: हातमोजे

सरळ निओप्रीनचे (पाणबुड्यांच्या पोशाखाचं रबरी कापड) घे. वारा लागत नाही, हात पाण्यात गेला तरी चिंता नाही. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला चीर असलेले मिळतात, टोक मागे दुमडायचं आणि गाठ मारायची. विषय संपला.

रि: रि: हातमोजे

काका, विषय एवढ्यात कुठला संपतोय!

निओप्रीन पाणबुड्यांना छान, कारण त्यांचे हात सतत पाण्याखाली असतात आणि आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उबेने कोमट होऊन तिथेच राहतं. आपला हात ओला होऊन वाऱ्यात येतो. वरचं कापड भिजलेलं राहतं, त्यातलं पाणी उडताना आणखी गारवा देतं. शिवाय त्या चिरेतून पाणी आत जातंच, आणि एकदा गेलं की लवकर वाळत नाही.

खरी अडचण थंड हवेची कमी आणि ओलेपणाची जास्त आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. आता बघ, ओलं कुठे होतं? लाइन ओढताना ती रॉडच्या हाताच्या तर्जनीखालून घासत येते, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीच्या चिमटीत प्रत्येक खेचीला पाणी निथळतं. रॉडच्या हाताचं बाकी सगळं जवळजवळ कोरडं राहतं. मग दोन्ही हातांना एकच मोजा कशाला?

मी रॉडच्या हातात वारा अडवणारा पातळ फ्लीसचा मोजा घालते, फक्त तर्जनीचं टोक कापलेला. जाड तळव्याचा नको, मूठ सैल पडते आणि कास्टिंग बिघडतं. लाइनच्या हातात अर्ध्या बोटांचा लोकरीचा. लोकर भिजली तरी थोडी ऊब धरून ठेवते, सुती मात्र भिजला की उलट त्रास. खूपच गारठा असेल तर लोकरीच्या आत नायट्राइलचा (डॉक्टर वापरतात तसा रबरी) पातळ मोजा. घाम येतो, पण वारा आणि पाणी दोन्ही अडतं, आणि गाठही मारता येते. लाइनच्या हाताचा आणखी एक मोजा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा ठेव, कारण पहिला भिजणारच.

घट्ट मोजा घेऊ नकोस. रक्त नीट फिरलं नाही तर लोकर काय करणार?

आणि मासा लागला की मोजा काढून, हात पाण्यात बुडवूनच त्याला धर. कोरड्या लोकरीने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकलास तर मासाही पटकन सुटतो आणि लोकरीत अडकलेली फ्लायही.

रि: रि: रि: हातमोजे

ताईंचं पटलं, एक वैद्यकीय भर घालतो. हात गारठतात ते बरेचदा हातमोज्यांमुळे नाही. धड थंड पडलं की शरीर आधी बोटांचा रक्तपुरवठा आवळतं. म्हणून टोपी, छातीवर एक जास्तीचा थर, आणि मनगट झाकलेलं हवं. बाही आणि मोजा यांच्यातली ती दोन बोटांची फट सगळ्यात वाईट, तिथे रक्तवाहिन्या अगदी कातडीखाली असतात. लोखंडाच्या भुकटीच्या गरम पुड्या तळव्यात न धरता मनगटाच्या आतल्या बाजूला ठेव, पण थेट कातडीला लावू नकोस. त्या हवेतल्या ऑक्सिजनवर तापतात, भिजल्या की संपल्या.

थंडीत बोटं एकदम पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर रेनॉ सिंड्रोमची शक्यता असते, तेव्हा दाखवून घे. बोटाचं टोक मेणासारखं पांढरं आणि बधिर झालं तर त्या दिवशी मासेमारी बंद. चोळू नकोस, काखेत धर.

रि: रि: रि: रि: हातमोजे

सगळ्यांचे आभार. घरीच लीडरला (लाइन आणि टिपेट यांच्यामधल्या दोऱ्याला) टिपेट आणि फ्लाय बांधून न्यायचं ठरवलंय, म्हणजे नदीवर उघड्या हाताने गाठी कमी. एकच शंका उरली. ज्या मोज्यांत बोटांवरचं मिटन (चारही बोटं एकत्र झाकणारा भाग) टोपीसारखं मागे उलटायचं असतं, त्यांत ते मागे अडकवायला वेल्क्रो असतं किंवा चुंबक. कोणतं बरं?

रि: रि: रि: रि: रि: हातमोजे

चुंबक. वेल्क्रोत लाइन अडकते, फ्लायची पिसं अडकतात, आणि लोकरीचा दुसरा मोजाही अडकतो. वेल्क्रोचे आधीच घेतले असतील तर खरखरीत पट्टी कापून टाक आणि बटण शिवून घे.