शिवणवर्गाच्या प्रमाणपत्रावर 'महिला कैदी' छापायलाच हवं का?

शिवणवाली_ताई
नमस्कार मंडळी. एका संस्थेतर्फे मी कारागृहातल्या बायकांना शिवण शिकवते. पहिली तुकडी नुकतीच पूर्ण झाली. संस्थेने छापून आणलेल्या प्रमाणपत्रावर ठळक अक्षरांत 'महिला कैदी पुनर्वसन प्रशिक्षण', खाली नाव, त्याखाली बंदी क्रमांक. अहवालाच्या नमुन्यात 'लाभार्थीचे कलम' असा रकाना आहे आणि शेवटी 'गुन्हेगारी वृत्तीत झालेला बदल' लिहायला पाच ओळी सोडल्यात.

माझ्या वर्गातल्या बहुतेकजणी कच्च्या कैदी. काहींचा खटला अजून उभाच राहिलेला नाही. कुठल्या वृत्तीतला बदल लिहू? एकीच्या बाहीला आधी चुण्या पडायच्या, आता पडत नाहीत. कटोरी ब्लाऊज तर ती माझ्यापेक्षा सफाईने बेतते. मला दिसलेला बदल हा. प्रमाणपत्राचा नमुना बघून तीच म्हणाली, "ताई, हा कागद घेऊन टेलरकडे गेले तर माझ्या हातात कात्री कोण देईल?"

आत हाका कशा मारतात ते ऐकवत नाही. 'ए तीनशेदोन, मशीन सोड.' १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम १०३ झालं, हाक मात्र तीनशेदोनचीच राहिली. वर्गात मी सगळ्यांना नावाने बोलावते, थोरल्यांना मावशी म्हणते. कागदाचं काय करू? संस्थेत म्हणतात, 'कैदी' शब्द दिसल्याशिवाय देणगीदारांना काम कळत नाही. मजकूर बदलून घ्यायला काही आधार आहे का?

बरॅक_नंतर
ताई, मी आत होतो, निर्दोष सुटलो. समुपदेशनाच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न: 'केलेल्या गुन्ह्याचा पश्चात्ताप होतो का?' पर्याय दोनच, 'पूर्ण' आणि 'काही प्रमाणात'. खटला चालू असताना माणसाने खूण कशावर करायची? मी कोरा सोडला, तर नावापुढे 'प्रतिसाद देत नाही' असा शेरा पडला. पुढे संगणकाच्या वर्गासाठी नावं काढली तेव्हा तोच शेरा आडवा आला. आतल्या माणसाचं यादीतलं नाव अशाच शब्दांवरून येतं नि जातं.

प्रवचनाला येणारे पाहुणे 'माझ्या वाट चुकलेल्या बांधवांनो' म्हणून सुरुवात करायचे. समोरच्या बहुतेकांवर काहीच सिद्ध झालेलं नसायचं. देशाचा आकडाही तेच सांगतो: २०२२ अखेर ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे.

आमचे गणिताचे सर मात्र आडनावाला 'राव' लावून हाक मारायचे. त्यांच्या तासाला लोक अंघोळ करून, भांग पाडून बसायचे.

वकील_साताऱ्याहून
आधार आहे. आर. डी. उपाध्याय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं की कारागृहात जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून कारागृह लिहू नये, त्या भागाचा पत्ता लिहावा. कैद्यांना कसं वागवावं यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांतला २८वा नियमही बाळाच्या दाखल्यावर कारागृहाचा उल्लेख नको म्हणतो. हे शिवणाच्या प्रमाणपत्राबद्दल नाही, पण जन्मभर दाखवायच्या कागदावर तुरुंगाचा डाग नको, हाच मुद्दा पत्रात धरा.

अहवालात जातीचा रकाना असेल तर तोही बघा. सुकन्या शांता प्रकरणात ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढायला सांगितलं. कुठल्या जातीने झाडलोट करायची हे ठरवणारे नियमच काही राज्यांच्या नियमावल्यांत होते, ते घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींना सरसकट सराईत गुन्हेगार धरणाऱ्या भाषेलाही चाप लावला. या जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, तो १९५२ साली गेला. पण पारधी पोरगा आत आला की 'सराईत' हा शब्द आरोपपत्राच्या आधी पोचतो, हे मी अजून बघतो.

प्रमाणपत्रावर एवढंच पुरे: 'श्रीमती अमुक यांनी शिवण प्रशिक्षण पूर्ण केले', कालावधी, शिकलेले प्रकार, संस्थेचं नाव, शहर.

एक_वाचक
माझ्या चुलतभावाचा खून झाला. 'श्रीमती', 'राव' वाचून पोटात कालवतं. आमच्या घरी कोणी कधी विचारपूस करायलाही आलं नाही.

शिवणवाली_ताई
दादा, तुमच्या घरी कुणीतरी यायला हवं होतं. न येणं हा अन्यायच आहे. ज्याने केलं त्याचा गुन्हा निकालपत्रात राहतो, तो कुणी खोडत नाही. ब्लाऊज शिवता येतो एवढंच सांगणाऱ्या कागदावर मात्र तो नको, असं मला मनापासून वाटतं. आणि निकाल लागायच्या आधी मी कोणाला खुनी म्हणणार नाही.

वकीलसाहेब, खूप आभार. संस्थेला पत्र लिहायला घेतलंय. 'वृत्तीतला बदल' काढून 'शिकलेले प्रकार' असा रकाना सुचवतेय, कलमाचा रकाना मी भरणार नाही. प्रमाणपत्रं पुन्हा छापायचा खर्च अडला तर मी देईन. त्या २८व्या नियमाची मराठी प्रत कुठे मिळेल का? सोमवारी बैठक आहे.