आत्तीच्या डीव्हीडी प्लेअरसाठी रायटर: आतला का बाहेरचा?

तांबडा_पांढरा:
२०१९ च्या पुरात आमच्या लग्नाचा अल्बम गेला. कॅसेट माळ्यावर होती म्हणून वाचली. ती स्टुडिओतनं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलीय. एमपी४, दोन तासांची. आत्ती गगनबावड्याला असते. तिच्याकडं स्मार्टफोन नाही, पण जुना डीव्हीडी प्लेअर ठणठणीत हाय. तिला सीडी करून द्यायचीय. (आमच्याकडं डीव्हीडीलापण सीडीच म्हणतात.)

कोल्हापुरात राजारामपुरीत रायटर (डिस्कवर लिहायचा ड्राइव्ह) मागितला तर दुकानदार असा बघाय लागला, जसा काय मी कंदील मागितला. शेवटी म्हणाला, बाहेरचा यूएसबीवाला मागवून देतो, दोन हजार. माझ्या जुन्या कंप्युटरमधला रायटर ट्रे बाहेर काढतो, पण वाचत कायच नाही. आतलाच बदलू का?

शाहूपुरीकर:
आधी कॅबिनेट उघडून केबल बघा. बोटभर रुंदीची साटा (नव्या पद्धतीची केबल) असेल तर आतलाच बसवा, वीज थेट पॉवर सप्लायमधून मिळते. चपटी रुंद पट्टी असेल तर ती आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीची. त्यात जुनाच माल मिळेल, नादाला लागू नका. '२४ एक्स' वगैरे वेगाला भुलू नका, तुम्ही ४ किंवा ८ वरच बर्न करणार, म्हणजे डिस्कवर लिहिणार.

पंचगंगाकाठ:
बाहेरचा घेतलात तर मागच्या पोर्टला लावा, हबला (एका पोर्टचे चार करणाऱ्या डबीला) अजिबात नको. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो आणि बर्निंगला लेसर जास्त ओढतो. हबवर लावून माझ्या तीन कोऱ्या डिस्क वाया गेल्या. मागं लावला, चौथी झाली.

जुना_टेक्निशियन:
रायटर कुठलाही घ्या हो, एमपी४ तशीच टाकू नका! जुन्या प्लेअरला ती बहुतेक दिसणारच नाही. एमपेग-२ मध्ये बदलून 'डीव्हीडी व्हिडिओ' बनवा, पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज ४.३८ दाखवतं, घाबरू नका. दोन तास आरामात बसतात. शेवटी फायनलाइज करा, म्हणजे डिस्क लिहून पूर्ण झाली असं बंद करा, नाहीतर तुमच्याकडं चालेल आणि आत्तीकडं नाही.

तांबडा_पांढरा:
केबल चपटी निघाली. बाहेरचा सांगितलाय. फाइल बदलायला कंप्युटर रात्रभर घुर्र करत बसला, मंडळी वैतागली. आत्तीला फोन केला तर पहिला प्रश्न: "वरातीत तुझा तात्या नाचल्याला हाय का त्यात?"

हाय. लै नाचलाय.