अनधिकृत, अनधिकारी की अपात्र?

उंबरा: ध्यान शिकवणाऱ्यांवरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात ‘अनक्वालिफाइड टीचर’ पानोपानी येतो. ‘अपात्र शिक्षक’ लिहिलं तर आमदार डोळ्यांसमोर येतात, ‘अनधिकृत’ लिहिलं तर बांधकाम. ‘भोंदू’ म्हणावं तर लेखातला माणूस तसा नाही. चार शिबिरं केली, बरं वाटलं, म्हणून शिकवायला बसला. पैशांचाही लोभ नाही. याला म्हणायचं काय?

अनुस्वार: अनधिकारी. ‘अधिकृत’ला बाहेरून कुणाची तरी मान्यता लागते, ‘अधिकारी पुरुष’ म्हणतो तेव्हा टेबल-शिक्का कुणाच्या मनात नसतो. विपश्यना शिकवणारे ऊ बा खिन १९४८ साली ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. संसारी माणूस, आणि त्यांचे गुरू तर शेतकरी. त्यांना अनधिकारी कोण म्हणेल? उलट बाजूने, भिंतीवर चार प्रमाणपत्रं लावलेला अधिकृत माणूस अनधिकारी असू शकतोच.

पानगळ: सरळ ‘कुडमुड्या’ म्हणा की! कुडमुड्या वैद्य, कुडमुड्या ज्योतिषी, तसा कुडमुड्या ध्यानगुरू.

अनुस्वार: शब्द ठसकेबाज आहे, पण कुडमुडं वाजवत भविष्य सांगणाऱ्या जोशींची एक जमात आहे, तिच्यावरून तो आलाय. मी हल्ली टाळतो.

पानगळ: हे डोक्यातच नव्हतं. मागे घेते.

वळचण: उंबरा, तुमची अडचण मला फार ओळखीची वाटली. एका शिबिरात माझ्या शेजारी बसलेली बाई तीन रात्री झोपली नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. तिने शिक्षकांना सांगितलं, छातीत धडधडतंय, भीती वाटतेय. उत्तर आलं, “संस्कार वर येतायत, अनित्य आहे, बघत राहा.” म्हणजे मनात साचलेलं वर येतंय, ते टिकणार नाही. संध्याकाळी तेच वाक्य, दुसऱ्या दिवशीही तेच. अतिशय प्रेमळ माणूस, खोटं एक अक्षर बोलत नव्हता. त्याच्याकडे तेवढं एकच वाक्य होतं. चौथ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. तो शिक्षक प्रामाणिक होता म्हणूनच मला आजही त्याच्यावर धड रागावता येत नाही.

अनुस्वार: ‘प्रामाणिक’! मूळ अर्थ प्रमाणाला धरून असलेला, विश्वासार्ह. मराठीत तो ‘खोटं न बोलणारा’ झाला. तुमचे शिक्षक नव्या अर्थाने प्रामाणिक होते, जुन्या अर्थाने नव्हते.

ताडपत्री: पालीत या माणसासाठी नेमका शब्द आहे: अधिमान. (अर्थशास्त्रातला ‘पसंती’वाला अधिमान नव्हे.) स्वतःच्या प्राप्तीचा अंदाज खरोखरच चुकणं, न मिळालेलं मिळालं असं मनापासून वाटणं. अभिमानापेक्षा हे वेगळं.

विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, चौथा पाराजिक (संघातून कायमचं बाद करणारा गुन्हा) खोट्या प्राप्तीच्या दाव्यासाठी आहे. वज्जींच्या प्रदेशात दुष्काळ पडला, तेव्हा वग्गुमुदा नदीकाठच्या भिक्षूंनी उपासकांपुढे एकमेकांची ‘याला अमुक ध्यान साधलंय, त्याला तमुक’ अशी स्तुती सुरू केली. बाकीचे भिक्षू वर्षावास (पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम) संपवून हाडं निघालेले आले, हे मात्र गुटगुटीत. हे भोंदू, अशांसाठी पुढे संघाची दारं बंद. पण काही भिक्षूंनी खरंच गैरसमजातून ‘आम्ही पोहोचलो’ असं सांगितलं होतं. पुढे मनात आसक्ती-द्वेष डोकावले तेव्हा ते धास्तावले. त्यांचं बोलणं ‘अब्बोहारिक’ ठरलं, म्हणजे व्यवहारात न धरण्यासारखं, आणि नियमात ‘अञ्ञत्र अधिमाना’, अधिमान सोडून, अशी सूट आली. मराठीत पहिल्याला शिव्या ढीगभर. दुसऱ्यासाठी शब्द नाही.

पानगळ: म्हणजे मनापासून चुकला तर सगळं माफ? वळचणताईंच्या शेजारणीला त्याचा काय उपयोग?

ताडपत्री: सूट दाव्यापुरती, पानगळताई. शिष्य घेण्याचा हिशेब वेगळा. उपसेनाला भिक्षू होऊन जेमतेम एक वर्षावास झाला होता, तेवढ्यात त्याने शिष्याला उपसंपदा, म्हणजे भिक्षूची पूर्ण दीक्षा, दिली. बुद्धांनी त्याला चांगलंच झापलं: तुलाच अजून दुसऱ्यांनी शिकवायला हवं, आणि तू दुसऱ्याला शिकवायला निघालास? मग दहा वस्सांची अट आली. वस्स म्हणजे वर्षावास. आपल्याकडे म्हणतात ना, “तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत”, अगदी तसंच मोजायचं. पण पुढे ‘आम्हाला दहा झाली’ म्हणत अडाणी भिक्षूही शिष्य घेऊ लागले. गुरू मठ्ठ, शिष्य हुशार. तेव्हा ‘ब्यत्त’ आणि ‘पटिबल’, जाणता आणि समर्थ, हे शब्द जोडावे लागले. नियम संघातल्या दीक्षेचा आहे, शिबिराचा नाही, पण नुसत्या पावसाळ्यांनी भागत नाही हे तेव्हाच कळलं होतं.

वळचण: मग पारखायचं कसं?

ताडपत्री: कल्याणमित्ताच्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या भल्या मित्राच्या, लक्षणांत मला दोन आवडतात. एक ‘वचनक्खमो’, दुसऱ्याने बोललेलं सोसणारा, ऐकून घेणारा. दुसरं ‘नो चट्ठाने नियोजये’, भलत्या ठिकाणी न जुंपणारा. तुमच्या शेजारणीला ‘बघत राहा’ सांगणं मला तरी या दुसऱ्यात बसतं.

वळचण: ‘जुंपणं’ बरोबर शब्द आहे.

उंबरा: ‘अधिमान’ कंसात अर्थ देऊन एकदा वापरतो, बाकी सगळीकडे ‘अनधिकारी शिक्षक’.

पानगळ: वापरा, पण निम्म्या वाचकांना वाटेल, बिचाऱ्याला अजून बढती मिळालेली नाही.

उंबरा: 😄 संपादकांचाही आत्ताच फोन आला. ‘अनधिकारी’ कापून ‘अनधिकृत’ केलंय, टंकदोष समजून.